आधी त्यांना दाखव

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि फिल्मची बावीस मिनिटांची कच्ची जुळणी (रफ कट), दोन्ही मिळाले. महोत्सवाची मुदत अकरा दिवसांवर असताना रात्रपाळीच्या त्या सफाई कामगार बाईंना फिल्म आत्ता दाखवावी की निवड झाल्यावर, असे तू विचारतेस. त्यांनी एखादे दृश्य काढायला सांगितले तर सारी जुळणी विस्कटेल, ही तुझी भीती मला समजते. तरीही आधी त्यांना दाखव.

दगडखाणीत काम करणाऱ्या एका बाईंवर मी अठरा मिनिटांची फिल्म केली होती. त्यांचे पती सिलिकोसिसने गेले होते. दगडाची बारीक धूळ फुप्फुसात साचत जाते आणि झालेली हानी पुन्हा भरून येत नाही, हे मी पडद्यावर नीट मांडले. त्या दोन तास बोलल्या. त्यातून मी घेतले ते त्यांच्या रडण्याचे चाळीस सेकंद. फिल्म चार वर्षे फिरली, तिला पारितोषिके मिळाली, आणि मी तिथे परत गेलो नाही. पैसे नव्हते, पुढचे काम सुरू होते, ही कारणे खोटी नव्हती. पण जायचेच असते तर गेलो असतो. अखेर गेलो तेव्हा त्यांच्या मुलीने ती फिल्म कोणाच्या तरी मोबाइलवर पाहिली होती. तिने एवढेच विचारले, "आईने वही दाखवली होती, ती कुठे आहे?" कोण कोणत्या खाणीत किती वर्षे राबला आणि कोणाचा खोकला कधी सुरू झाला, हे त्या बाईंनी वहीत लिहून ठेवले होते. हजेरीची कुठेच नोंद नसलेल्या मजुरांना भरपाई मागायची, तर त्यांच्या हाती तेवढाच पुरावा होता. फोकस किंचित हलला म्हणून मी तो शॉट कापला होता.

कॅनडातील फोगो बेटावर १९६७ मध्ये माहितीपटकार कॉलिन लो यांनी मच्छीमारांच्या छोट्या छोट्या फिल्म केल्या, तेव्हा त्या लोकांना बेटावरून हलवण्याचा विचार सरकारदरबारी चालू होता. त्या फिल्म आधी बेटावरच दाखवल्या गेल्या आणि बोलणाऱ्याला नको असलेला भाग काढायला लावण्याची मुभा होती. बेटावरच्या लोकांनी पडद्यावर एकमेकांचे म्हणणे ऐकले, पुढे सहकारी संस्था काढली आणि ते तिथेच राहिले.

संमतिपत्रावर सही आहे, हे तू दोनदा लिहिले आहेस. ती सही चित्रीकरणाआधीची आहे. तेव्हा तू काय ठेवणार आणि काय कापणार, हे तुलाही ठाऊक नव्हते! प्रीमिअरची, म्हणजे महोत्सवाआधी फिल्म कोणाला दाखवलेली चालेल का याची, चिंता असेल तर आयोजकांना विचार. चार माणसांना खासगीत दाखवणे म्हणजे सहसा प्रदर्शन धरत नाहीत. पण आधी त्यांना दाखव.

त्या वहीनंतर मी हा नियम एकदाही मोडलेला नाही. एका मुलाने नको म्हटले म्हणून शेवटचे दृश्य काढले, तेव्हा निधी देणाऱ्यांनी उरलेला हप्ता रोखला, आणि हेकेखोर म्हणून माझे नाव झाले ते कायमचे. माझ्या हातून फिल्म कमी झाल्या, हे मला मान्य आहे. ते दृश्य काढण्यात मी चुकलो, हे मात्र मी आजही मान्य करणार नाही.

पाळी संपवून त्या सकाळी परततात, तेव्हा त्यांची झोप झाल्यावर दुपारी जा. शेजारी बस, आणि त्या थांब म्हणतील तिथे फिल्म थांबव. एकोणिसाव्या मिनिटाला त्या खिशातून काहीतरी काढू लागतात आणि तू नेमके तिथेच कापले आहेस. ते काय होते, हे त्यांना विचार आणि मला कळव.