अ‍ॅन अ‍ॅडव्हाइस: व्हॉवेल आहे, मग चूक कुठे?

प्रश्न असा आलाय: मुलगी सातवीत आहे, वहीत 'ही गेव्ह मी अ‍ॅन अ‍ॅडव्हाइस' लिहिलं आणि बाईंनी 'अ‍ॅन'भोवती लाल गोल काढला. आई विचारतेय, पुढे व्हॉवेल आहे, मग अ‍ॅनच लागणार ना?

बाईंचा गोल बरोबर आहे. नुसतं 'अ‍ॅडव्हाइस' किंवा 'सम अ‍ॅडव्हाइस' लिहायचं, आणि मोजायचंच असेल तर 'अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस'. आपण दोन सल्ले देतो, चार देतो, इंग्रजीत तो शब्द मोजतच नाहीत. फर्निचर, लगेज, इन्फर्मेशन यांचंही तेच. ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारातून रिक्षाने जाताना पाट्या वाचा, 'फर्निचर्स' दिसणारच, आणि आता ऑफिसच्या मेलमध्येही 'इन्फर्मेशन्स' यायला लागल्यात, तेव्हा मात्र माझं डोकं फिरतं, कारण माहितीचं अनेकवचन मराठीतही कोणी करत नाही, 'माहित्या गोळा केल्या' म्हणतं का कोणी?

पण खरा घोळ त्या व्हॉवेलच्या नियमाचा आहे. गाइडांमध्ये छापतात की ए, ई, आय, ओ, यूच्या आधी 'अ'चा 'अ‍ॅन' होतो. एक तर अक्षर नाही, उच्चार बघायचा असतो, म्हणून अ युनिव्हर्सिटी पण अ‍ॅन अवर, आणि पोलीस स्टेशनात अ‍ॅन एफआयआर. दुसरं म्हणजे 'अ'चा 'अ‍ॅन' होतच नाही, झालंय ते बरोबर उलटं! जुन्या इंग्रजीत एकला 'आऽन' म्हणायचे. बोलता बोलता त्यावरचा जोर गेला, ते आखडून 'अ‍ॅन' झालं, आणि बाराव्या शतकानंतर हळूहळू व्यंजनापुढचा न गळून नुसता 'अ' उरला. जिथे जोर टिकला तिथे त्याच आऽनचा 'वन' झाला. त्यातला व उशिरा शिरलाय, ओन्ली आणि अलोनमध्ये तो अजून नाही, आणि अलोन म्हणजे चक्क ऑल-वन, अगदी एकटा. आपल्या 'एक राजा होता'मध्ये आपण कुठे राजे मोजतो, तो 'एक' म्हणजे हाच 'अ'. म्हणून ज्या शब्दाला इंग्रजी एक-दोन म्हणत नाही त्याला अ‍ॅन चिकटत नाही, मग पुढे व्हॉवेल असो नाहीतर काहीही. आधी डिक्शनरीत तो शब्द मोजतात का ते बघायचं, मग उच्चार.

आणि या न ने काय काय केलंय! एप्रन हा मुळात नॅप्रन, फ्रेंचमधून आलेला, नॅपकिनचा भाऊ. 'अ नॅप्रन' बोलताना न मागच्या शब्दाला चिकटला आणि 'अ‍ॅन एप्रन' झालं, नॅपकिनचा न मात्र जागेवर राहिला. अ‍ॅडर सापाचंही तसंच, जर्मनमध्ये तो अजून नाटर आहे. आता इथे लोक हमखास ऑरेंज घुसडतात, संस्कृत नारंगचा न इंग्रजांनी 'अ नॉरेंज' म्हणत गाळला म्हणे, हे मी शिकल्यासवरल्या लोकांच्या तोंडून ऐकलंय आणि ते साफ चूक आहे. नारंग फारसी-अरबीतून युरोपात गेला, तिथे इटालियन-फ्रेंचमध्येच त्याचा न गळला, इंग्रजीत शब्द आला तोच न नसलेला. स्पॅनिशने तो जपलाय, नारांखा.

माझं ठाम मत आहे की मराठी पोरांना हे मोजण्याचं शिकवायची गरजच नाही, ते त्यांना बाजारातून येतं. एक मीठ, दोन मीठ कोण म्हणतं, मिठाचा खडा. लसणाची पाकळी, साबणाची वडी, कागदाचा ताव, कोथिंबिरीची जुडी. प्रत्येकाला वेगळा शब्द, आणि इंग्रजीवाले बऱ्याच ठिकाणी एका 'पीस'वर भागवतात. शाळेत 'अ पीस ऑफ' पाठ करून घेण्याआधी हा खडा आणि ही जुडी फळ्यावर लिहा, पोरं बाकीचं स्वतः सांगतील.

हो, तो अ‍ॅडव्हाइस. बँकेत किंवा अकाउंट्समध्ये 'टू अ‍ॅडव्हाइसेस' ऐकलंत तर त्यांना चूक म्हणू नका, पेमेंटची अ‍ॅडव्हाइस म्हणजे सूचनेचा कागद, आणि कागद मोजतात.