गोळी घेऊ की बाळाला पाजू?

"ताई, दूध आटवायचं कसं तेवढं सांगा."

खुर्चीत टेकायच्या आधीच तिनं विचारलं. मांडीवर साडेपाच महिन्यांचं गुटगुटीत लेकरू, आईचं मंगळसूत्र मुठीत धरून चोखत बसलेलं. सोबत सासूबाई. दूध पुरत नाही म्हणून माझ्याकडे रोज कुणी ना कुणी येतं, पण भरपूर असलेलं दूध आटवायला आलेली आई क्वचितच. उन्हातून आली होती म्हणून मी आधी पाणी दिलं. तिनं स्टीलचा ग्लास उचलला आणि काठाशी पाणी थरथरायला लागलं. दोन्ही हातांनी धरला तरी थांबेना.

मग तिनं पर्समधून गोळ्यांची स्ट्रिप काढली. कार्बिमॅझोल, म्हणजे वाढलेलं थायरॉईड आवरणारी गोळी, १० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ. दहाच्या दहा गोळ्या जागच्या जागी. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची तारीख मात्र अकरा दिवसांपूर्वीची.

लग्नाआधी तिला ग्रेव्हजचा आजार निघाला होता. यात थायरॉईडची ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते. गरोदरपणात हा आजार बऱ्याचदा निवतो. तिचाही निवला, शेवटच्या महिन्यांत डॉक्टरांनी गोळी बंद केली. बाळंतपणानंतर काही महिन्यांनी तो पुन्हा उसळू शकतो, हे तिला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. छातीत धडधड, रात्री घामानं गाऊन भिजायचा, वजन सात किलोनं उतरलेलं. घरात सगळे म्हणत, पाजतेस म्हणून वाळलीस. शेवटी जिना चढताना डोळ्यांपुढं अंधारी आली तेव्हा तपासणी झाली. टीएसएच, म्हणजे ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन, पार तळाला, टी-फोर, म्हणजे ग्रंथीचं स्वतःचं हार्मोन, चढलेलं, ग्रेव्हजची अँटीबॉडी पॉझिटिव्ह.

ओपीडीत गर्दी होती. अंगावर पाजते हे तिनं सांगितलं नाही, तिला कुणी विचारलं नाही. गोळ्या घेताना मेडिकलवाला म्हणाला, पाजणाऱ्या बाईला हे चालत नाही हो. खोक्यातल्या कागदावरही बारीक अक्षरांत सावधगिरीची सूचना होती. सासूबाई म्हणाल्या, "लेकराच्या पोटात इख कशाला घालायचं?" झालं. तिनं गोळी न घेता सोसायचं ठरवलं, आणि अकरा दिवसांनी सोसवेना तेव्हा दूध तोडायचं ठरवलं.

थायरॉईड वाढलेल्या जवळजवळ प्रत्येक बाळंतिणीचा प्रश्न हाच असतो: गोळी की दूध? माझं तिला पहिलं सांगणं हेच होतं की हा प्रश्नच चुकीचा मांडला गेलाय. बहुतेक वेळा दोन्ही चालतं.

मी समुपदेशक आहे, गोळी चालू-बंद करणं माझं काम नाही. पण भीती कुठून आली हे सांगणं माझं काम आहे. १९४४ साली थायोयुरॅसिल नावाचं याच गटातलं एक जुनं औषध दोन बायकांच्या दुधात रक्तापेक्षाही जास्त सापडलं. ते औषध आता कुणी देत नाही, पण त्या नोंदीची दहशत पुढं कित्येक दशकं अख्ख्या औषधगटावर राहिली. १९८० नंतर आजच्या औषधांचं दुधातलं प्रमाण खरोखर मोजलं गेलं आणि ते फारच थोडं निघालं. तेहरानमधल्या डॉक्टरांनी मेथिमॅझोल घेणाऱ्या आयांच्या दुधावर वाढलेली मुलं तपासली. मुलांचं थायरॉईड नीट होतं, आणि पुढं चार-सहा वर्षांच्या वयात घेतलेल्या बुद्धीच्या चाचण्यांतही ती इतर मुलांच्या मागं नव्हती. आपल्याकडं मिळणारं कार्बिमॅझोल शरीरात गेल्यावर मेथिमॅझोलच होतं, म्हणून हे अभ्यास तिच्या कामाचे.

ती बी.कॉम. झालेली. म्हटलं, चल, हिशोब मांडू. कागद तिच्याचकडं दिला. कार्बिमॅझोल दिवसाला २० मिलिग्रॅम म्हणजे मेथिमॅझोल साधारण १२. त्यातलं दुधात उतरतं हजारात एक ते दोन भाग. जास्तीचा आकडा धरू: ०.०२४ मिलिग्रॅम. कार्बिमॅझोलची पाचची छोटी गोळी असते, तिचे सव्वाशे तुकडे केले तर त्यातला एक, तोही दिवसभरात मिळून. हिशोब ढोबळ आहे, प्रत्येक बाईचं थोडं पुढंमागं होणार. तिनं तो दोनदा करून पाहिला. मग कागद सासूबाईंपुढं सरकवला, "आत्या, बघा." आत्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. बोलल्या काही नाहीत, पण कागद परतही दिला नाही.

अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१७ च्या मार्गदर्शनात पाजणाऱ्या आईला मेथिमॅझोल दिवसाला २० मिलिग्रॅमपर्यंत चालतं असं म्हटलंय. याच आजारावरचं दुसरं औषध, प्रोपाइलथायोयुरॅसिल म्हणजे पीटीयू, ४५० पर्यंत. पीटीयू दुधात आणखी कमी उतरतं, पण क्वचित यकृताला मोठी इजा करतं, म्हणून ते सहसा पहिली पसंती नसतं. तिची मात्रा या मर्यादेच्या बरीच आत होती.

तरीही मी तिला "घे गोळी" म्हटलं नाही. तिथूनच डॉक्टरांना फोन लावायला लावला आणि पहिलं वाक्य काय म्हणायचं ते सांगितलं: "मी बाळाला अंगावर पाजते, बाळ साडेपाच महिन्यांचं आहे." डॉक्टरांनी गोळी तीच ठेवली. फक्त पाजून झाल्या झाल्या घ्यायची, सकाळची एक, रात्रीची एक, म्हणजे पुढच्या पाजण्यापर्यंत मध्ये वेळ जातो. धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल दिलं, तेही दुधात फार थोडं जातं. बाळाचं रक्त पुन्हापुन्हा काढायची गरज नाही, वजन आणि वाढ बालरोगतज्ज्ञांकडे बघत राहायची, एवढंच.

सगळ्यांची गोष्ट हिच्यासारखी नसते, हेही सांगायला हवं. बाळंतपणानंतर पहिल्या काही महिन्यांत थायरॉईडला सूज येऊनही हार्मोन वाढतं. तिथं ग्रंथी जास्त बनवत नसते, साठलेलं सांडत असते, त्यामुळं कार्बिमॅझोलचा उपयोगच नसतो. हा प्रकार बहुधा आपोआप ओसरतो आणि नंतर कधी कधी उलट थायरॉईड कमी पडतं. म्हणून टीएसएच कमी दिसलं की शेजारणीची गोळी सुरू करू नका. आणि केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा. त्यांच्यामुळं काही लॅबमध्ये थायरॉईडचा रिपोर्ट खोटाच वाढलेला येतो.

तिच्या मावसबहिणीनं "एकदाच आयोडीनचा डोस घेऊन मोकळी हो" असा सल्ला दिला होता. किरणोत्सारी आयोडीनच्या या उपचारात मात्र पाजणं खरंच बंद करावं लागतं, तेही काही आठवडे आधीपासून, आणि त्या बाळाला पुन्हा पाजता येत नाही. हे ऐकल्यावर तिनं बाळाला जरा घट्ट धरलं.

जाताना मी तिच्या फाइलवर जाड पेननं एकच गोष्ट लिहून दिली: ताप आणि घसा दुखला तर गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी. या औषधानं क्वचित पांढऱ्या पेशी एकदम घसरतात, तेव्हा हळद-दूध आणि गुळण्यांवर दिवस काढणं जिवावर बेतू शकतं. तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आलाच, घसा धरलाय, अंग गरम आहे. संध्याकाळी सातला रिपोर्ट आला, पेशी ठीक होत्या. साधी सर्दी निघाली. डॉक्टरांना विचारून गोळी परत सुरू केली. तपासणीचे पैसे वाया गेले असं तिला वाटलं. मला नाही वाटलं.

दीड महिन्यानं ती बाळाचं वजन करायला आली. बाळ आपल्या रेषेवर चढत होतं, नाचणीची खीर सुरू झाली होती. तिचंही दोन किलो भरून आलं होतं. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि माझं लक्ष आपोआप काठाकडं गेलं. पाणी स्थिर होतं.

सासूबाईंनी पिशवीतून कालनिर्णयचं फाडलेलं पान काढलं. प्रत्येक तारखेवर दोन टिंबं, एक निळं, एक लाल. "सकाळचं पाजून झालं की निळं, रातच्याला लाल," त्या म्हणाल्या. "हिच्या ध्यानात ऱ्हात न्हाई, म्या करते."

त्यांना थोडं बाहेर बसवून मी तिच्याशी एक गोष्ट बोलले. पाळी आली नसली तरी दिवस राहू शकतात, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत कार्बिमॅझोल पोटातल्या गर्भाला घातक ठरू शकतं. तेव्हा तांबी बसवायची की आणखी काही, हे या महिन्यातच ठरव, आणि दुसऱ्या बाळाचा विचार आला की आधी थायरॉईडच्या डॉक्टरांना भेट. तिनं तिथंच मोबाइल काढला आणि नवऱ्याला लिहिलं, "शनिवारी सुट्टी टाका, दोघांनी जायचंय डॉक्टरकडं."