बिल्ड हिरवा, पानं रिकामी: हे दुखणं माझ्या ओळखीचं आहे

तुमची पोस्ट वाचली आणि जुनी जखम ठसठसली. तुमची साइट नेक्स्टवर (रिअ‍ॅक्टवर बेतलेली, वेबसाइट बनवायची चौकट) आहे; लोकलवर, म्हणजे स्वतःच्या मशीनवर, सगळं नीट, बिल्ड (कोडमधून तयार पानं बनवायची पायरी) एकही एरर न देता पूर्ण होतो, पण सर्व्हरवर दोन-तीनशे पानांवर नुसतं ‘माहिती उपलब्ध नाही’, आणि तीही दर वेळी वेगळी पानं. हे सगळं मी भोगलंय. प्रीरेंडर (पानं आधीच बनवून ठेवणं) म्हणजे काय, नेक्स्ट कसं बसवायचं, ते सांगत बसत नाही. तुम्ही त्याच्या बरंच पुढे गेलेले दिसता.

‘दर वेळी वेगळी पानं’ हीच खरी खूण. टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) चूक असती तर ठरावीक पानंच बिघडली असती. पानं बदलतायत, म्हणजे बिल्ड चालू असताना तुमचा एपीआय (पानांची माहिती पुरवणारा दुवा) मध्येच हात वर करतोय आणि तुमचा कोड ते लपवतोय. पैज लावत नाही, पण पहिला संशय तिथेच घ्या.

माझं काम एका पुस्तकविक्रेत्याचं होतं. साधारण १८०० पुस्तकं, माहिती वर्डप्रेसमध्ये, तेही स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर. आधी साधं रिअ‍ॅक्ट होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर कुठल्याही पुस्तकाची लिंक टाकली तरी दुकानाचंच नाव यायचं, कारण मजकूर ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने भरला जायचा आणि प्रिव्ह्यू काढणारा बॉट जावास्क्रिप्ट चालवत नाही. म्हणून प्रत्येक पुस्तकाचं पान बिल्डच्या वेळीच एचटीएमएल करून ठेवायचं ठरवलं. इथवर ठीक.

घोडचूक पुढे आहे. गेटस्टॅटिकप्रॉप्समध्ये (नेक्स्टचं पानाची माहिती आणणारं फंक्शन) मी ट्राय-कॅच, म्हणजे एरर पकडणारा कोड, घातलं, आणि कॅचमध्ये पुस्तकाच्या माहितीच्या जागी रिकामा ऑब्जेक्ट परत केला. का, तर ‘साइट पडायला नको’. डेव्हलपमेंटमध्ये तुम्ही उघडाल तेवढ्याच पानासाठी एपीआयला विचारणा होते, त्यामुळे काही कळत नाही. बिल्डमध्ये मात्र अनेक वर्कर (एकाच वेळी पानं बनवणाऱ्या प्रक्रिया) एकदम सुटतात आणि त्या बिचाऱ्या सर्व्हरवर शेकडो विनंत्या आदळतात. त्याने आधी ४२९ (फार विनंत्या) दिले, मग थेट ४०३ (मनाई). माझ्या कॅचने ते सगळे गिळले. नेक्स्टच्या दृष्टीने रिकामा ऑब्जेक्ट हेही यशच, त्याने इमानेइतबारे रिकामी पानं लिहून काढली. हिरवी टिक, आपोआप डिप्लॉय (पानं थेट सर्व्हरवर).

आणि हे कधी, तर ऐन दिवाळी अंकांच्या हंगामात. मालकांचा फोन: “अहो मॅडम, निम्मी पुस्तकं गेली कुठं?” मी माझ्या मशीनवर पाहिलं, सगळं जागच्या जागी. वर त्यांनाच सांगितलं, ब्राउझरचा कॅशे साफ करा. आजही आठवलं की कान गरम होतात.

होस्टिंगवाल्यांचं तर विचारू नका (नाव घेत नाही). चार वेळा तिकीट काढलं, चारही वेळा होमपेजचा स्क्रीनशॉट लावून ‘तुमची साइट सुरू आहे’ म्हणून बंद केलं. नऊ दिवसांनी रात्रपाळीच्या एका मुलाने लॉग उघडून पाहिला आणि दोन मिनिटांत सांगितलं, तुमच्या बिल्ड मशीनचा आयपी आमच्या फायरवॉलने अडवलाय. तोवर गूगल ती पानं वाचून गेला होता. स्टेटस २०० (सगळं ठीक), मजकूर ‘उपलब्ध नाही’, म्हणजे त्याच्या लेखी सॉफ्ट ४०४, नावापुरतं असलेलं पान. काही पुस्तकं संक्रांत आली तरी सर्चमध्ये परतली नव्हती.

तर आधी तो कॅच काढा. पुस्तक खरोखरच नसेल तर नॉटफाउंड परत करा, बाकी कुठल्याही कारणाने गडबड झाली तर एरर वर जाऊ द्या. बिल्ड पडेल, पडू दे! जुनी साइट शाबूत राहते, आणि आपल्याला तेच हवं असतं. रीव्हॅलिडेट (ठरावीक वेळाने पान पुन्हा बनवणं) वापरत असाल तर हे आणखी महत्त्वाचं: तिथे एरर टाकला तर आधीचं चांगलं पान तसंच दाखवलं जातं, रिकामं परत केलं तर ते चांगल्या पानाच्या बोकांडी बसतं.

मग विनंत्या कमी करा. वर्डप्रेसचा एपीआय एका वेळी जास्तीत जास्त १०० नोंदी देतो. मी बिल्डच्या आधी एक स्क्रिप्ट चालवून १८ विनंत्यांत सगळी पुस्तकं एका जेसन फाइलमध्ये उतरवते, पानं ती फाइल वाचतात. कुणी म्हणेल, थोडीच पानं बिल्डमध्ये घ्या, बाकी फॉलबॅक ब्लॉकिंगवर सोडा, म्हणजे कुणी पहिल्यांदा उघडेल तेव्हा पान बनेल. चालतं, पण माझ्या मते तो भार रात्रीच्या बिल्डवरून काढून गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ठेवणं आहे. लाखभर पानं असतील तर गोष्ट वेगळी, तेवढा माझा अनुभव नाही.

शिवाय डिप्लॉयच्या आधी तयार एचटीएमएलमध्ये ‘माहिती उपलब्ध नाही’ शोधणारी एक ग्रेप (फाइलींत मजकूर शोधणारी कमांड) ठेवा. एकाही फाइलमध्ये सापडलं की थांबायचं. हे शब्द पानाच्या एचटीएमएलमध्ये एरवी कुठे येत नाहीत ना, एवढं बघून घ्या.

विषय निघालाच आहे तर, यूआरएल मराठीत ठेवणार असाल तर जपून. लिनक्सवर फाइलचं नाव सहसा २५५ बाइटांपर्यंतच चालतं आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, मात्राही वेगळी मोजली जाते. म्हणजे ८५ चिन्हं. टूलने टक्केवाली एन्कोडेड नावं (एकेका बाइटाचं %E0 असं तीन अक्षरी रूप) लिहिली तर जेमतेम २८. आणि ‘ऱ्या’ असलेली नावं तपासाच. ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये सलगही लिहिता येतं आणि र खाली नुक्ता देऊनही. दिसायला सारखं, बाइट वेगळे. मॅक दोन्हींना एकच समजतो, सर्व्हरवरचं लिनक्स नाही. माझी अशी अकरा पुस्तकं फक्त सर्व्हरवर ४०४ देत होती. स्लग (यूआरएलमधलं पानाचं नाव) बनवताना एनएफसी करून, म्हणजे युनिकोडचं सलग रूप ठरवून, घेतलं, मिटलं.

तुमचा कॅच ब्लॉक आणि बिल्ड लॉगचा शेवटचा भाग इथे टाका, टोकन वगैरे झाकून. तोवर ऑटो डिप्लॉय बंद ठेवा.