मुलाला किती वेळा फोन करावा?

प्रश्न (मे २०२०, करोनाची टाळेबंदी) : मी रावेर तालुक्यातील एका केळी उत्पादक कुटुंबातील गृहिणी असून माझे वय ४६ आहे. एकुलता एक मुलगा पुण्यात शिकतो आणि टाळेबंदी लागल्यापासून तो तिथे भाड्याच्या खोलीत अडकला आहे. दिवसातून सात-आठ वेळा त्याला फोन केल्याशिवाय मला चैन पडत नाही. रात्री अडीचच्या सुमारास दचकून जाग येते, छातीत धडधडते, श्वास पुरत नाही, बोटांना मुंग्या येतात आणि मलाही करोना झाला की काय, या शंकेने पुन्हा डोळा लागत नाही. यंदा व्यापारी फिरकले नाहीत, घड झाडावरच पिकले. यजमान अबोल झाले आहेत. जो तो ‘सकारात्मक राहा’ म्हणतो आणि ते जमत नाही म्हणून मला अपराधी वाटते. काय करावे?

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते. मुलगा दूर आणि हाताशी आलेले पीक वाया, अशा वेळी काळजी वाटण्यात तुमचा काहीही दोष नाही, तेव्हा निदान हे अपराधीपण तरी मनातून काढून टाका. बळेच हसरा चेहरा ठेवून दिवसभर दाबलेली भीतीच रात्री अडीचला तुम्हाला उठवते, असे मला वाटते.

भीती वाटली की शरीरात ॲड्रिनलीन हे संप्रेरक स्रवते, ठोके वाढतात आणि श्वास भरभर चालू लागतो. अशा श्वासामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यातून बोटांना मुंग्या येतात, श्वास अपुरा वाटतो, आणि आपण आणखी जोराने श्वास ओढून त्रास वाढवून घेतो. जाग आली की उठून बसा, पाय जमिनीवर टेकवा, मनात चार अंक मोजत नाकाने श्वास घ्या आणि सहा अंक मोजत सावकाश सोडा. पाच-सात मिनिटे हे करत राहा. तुमच्या वयात रक्तदाब, थायरॉइड किंवा पाळीतील बदलांमुळेही धडधड होऊ शकते, म्हणून एकदा तपासून घ्या. आणि ताप, खोकला, छातीत दुखणे किंवा चालताना धाप लागणे असेल तर विनाविलंब डॉक्टरांकडे जा.

आता फोनविषयी, कारण खरी गाठ तिथे आहे. मुलाचा आवाज ऐकला की जीव भांड्यात पडतो, पण तासाभरात पुन्हा हुरहुर लागते आणि पुन्हा फोन होतो. दर वेळी मिळणाऱ्या या सुटकेमुळे ‘फोन केला नसता तर काही तरी झाले असते’ असे मन शिकते आणि काळजी अधिकच घट्ट होते. शिवाय आईचा कापरा आवाज सात-आठ वेळा ऐकणारा मुलगा आपली अडचण सांगायचे टाळू लागतो. म्हणून दोघांनी मिळून दोन वेळा ठरवा, समजा सकाळी नऊ आणि रात्री आठ. मधल्या वेळेत फार वाटले तर विचारायचे ते वहीत लिहून ठेवा आणि रात्री आठला वही समोर घेऊन बसा. त्यातले निम्मे प्रश्न तोवर विचारावेसेही वाटणार नाहीत. पहिले तीन-चार दिवस जड जातील, हे आधीच सांगून ठेवते.

टाळेबंदी १४ एप्रिलला उठेल म्हणून आपण दिवस मोजले, मग ३ मे आले, आता १७ मे. तारखेवर आशा टांगली की ती पुढे सरकताच मन कोसळते, म्हणून हिशेब आजच्या दिवसापुरता ठेवा. बातम्या दिवसातून एकदाच आणि झोपण्यापूर्वी मुळीच नकोत. यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी आल्या नाहीत आणि बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, शेजारणीही जमल्या नाहीत, तरी थोडे बिबडे घाला. पहाटे गच्चीवर कापड अंथरून ज्वारीचे गरम पीठ हाताने थापताना कड पातळ राहते की नाही याकडेच लक्ष द्यावे लागते आणि तेवढा वेळ मन पुण्याला धावत नाही.

यजमानांविषयी तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, तिची मला अधिक काळजी वाटते. संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा, केळीच्या नुकसानीचा हिशेब त्यांनाच मांडू द्या, उपाय सुचवायची घाई करू नका. जेवण-झोप तुटली असेल किंवा ‘आता जगून काय करायचे’ असे शब्द आले असतील, तर जीव द्यावासा वाटतो का, हे त्यांना सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी आले तर त्यांना एकटे सोडू नका, फवारणीची औषधे कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. टाळेबंदीच्या काळासाठी बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेची ०८०-४६११०००७ ही मदतवाहिनीही सुरू झाली आहे (ही सोय २०२० मधील आहे), तिथे तुम्ही स्वतःसाठीही बोलू शकता.