वयाच्या ४७ व्या वर्षी गोव्यात गो-कार्टिंग सुरू करणं शहाणपणाचं आहे का? शरीर साथ देईल का?

तुम्ही लिहिलंय की मुलाला घेऊन एकदा कार्टिंगला गेलात आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही, पण घरचे म्हणतात, "हा पोरांचा खेळ, या वयात कशाला?" मी फोंड्याची. पंचेचाळिशीनंतर सुरुवात केली, आता पन्नाशी ओलांडली आहे आणि अजून चालवते आहे. नक्की सुरू करा.

घरच्यांना एक गोष्ट जरूर सांगा. पहिली कार्ट, म्हणजे ही चिमुकली उघडी गाडी, १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी बनवली. ते रेसिंग कार बांधणारे कारागीर होते. गवत कापायच्या यंत्राचं इंजिन लावलेली ती गाडी त्यांनी स्वतः चालवायला केली होती. हा खेळ मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांसाठी सुरू केला, मुलं त्यात नंतर आली.

वयापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. आपण पंचवीस वर्षं कार आणि स्कूटर चालवलेली असते आणि अंगात मुरलेल्या त्या सवयी कार्टमध्ये उलट्या पडतात. दहा वर्षांच्या मुलाला त्या सवयीच नसतात, म्हणून तो लवकर शिकतो. आपल्याला आधी गाडी समजून घ्यावी लागते, आणि समजून घेण्यात आपण त्याच्यापेक्षा पुढे असतो.

कारमध्ये डिफरन्शियल असतो, त्यामुळे वळणावर आतलं चाक हळू आणि बाहेरचं जोरात फिरू शकतं. कार्टला तो नसतो. मागे एकच अखंड ॲक्सल, दोन्ही चाकं त्याला घट्ट बसवलेली. वळणात आतल्या चाकाला कमी अंतर कापायचं असतं, पण त्याला बाहेरच्या चाकाइतकंच फिरावं लागतं. मग ते घासतं, अडतं आणि कार्ट सरळच जाऊ पाहते. यावर उपाय एकच, आतलं मागचं चाक क्षणभर जमिनीवरून उचललं गेलं पाहिजे. पुढच्या चाकांची ठेवणच अशी असते की स्टिअरिंग वळवलं की आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं आणि त्याच बाजूचं मागचं चाक उचललं जातं. स्प्रिंग कुठेच नाहीत. चौकटीच्या नळ्या पिळवटतात आणि त्यांच्यावरच सगळं चालतं.

आता आपण गोंयकार काय करतो? जन्मभर स्कूटरवर वळणाच्या आतल्या बाजूला झुकलेलो असतो, म्हणून कार्टमध्येही झुकतो. मग आपलंच वजन त्या आतल्या चाकावर पडतं आणि ते उचललंच जात नाही. ताठ बसा, खांदे सरळ ठेवा, वजन आपोआप बाहेर जाऊ द्या. माझ्या फेरीच्या वेळेत सर्वांत मोठा फरक पडला तो एवढ्या एका गोष्टीने. याच्यापुढे इंजिनाची ताकद वगैरे गोष्टी मला दुय्यम वाटतात.

दुसरी सवय डाव्या पायाची. कारमध्ये तो क्लच दाबतो, म्हणजे पूर्ण आणि जोरात दाबायला शिकलेला असतो. कार्टमध्ये त्याच पायाने ब्रेक दाबायचा, आणि भाड्याच्या कार्टला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो. वळता वळता दाबलात तर मागची बाजू पुढे येऊन कार्ट गर्रकन फिरते. म्हणून सरळ रेषेत असतानाच ठामपणे ब्रेक लावा, सोडा, मग वळा. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच वेळी कधीच नाही, त्याने कार्टचा आपोआप चालणारा क्लच जळतो. टायर किंचाळले की तरुण मुलं खूश होतात, पण त्या आवाजात तुमचा वेग वाया जात असतो. सुरळीत चालवणारा पन्नाशीचा माणूस विशीतल्या धसमुसळ्यापेक्षा सहज वेगवान ठरतो. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

शरीराचं म्हणाल तर सर्वांत आधी बरगड्या. सीट सैल असेल तर प्रत्येक वळणावर बरगडी सीटच्या कडेवर आदळते, आणि आपल्या वयात तो मार आठवडे ठणकतो. बरगड्यांसाठी खास जॅकेट मिळतं, हेल्मेटच्याही आधी ते घ्या. हेल्मेट ट्रॅकवर मिळतंच, पण पूर्ण चेहरा झाकणारंच मागा. कार्टला सहसा सीटबेल्ट नसतो हे पाहून घाबरू नका. वर सांगाडा नसल्यामुळे ती उलटली तर माणूस बाहेर फेकला जाणंच कमी धोक्याचं असतं. रक्तदाब, हृदय किंवा मानेच्या मणक्यांचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नका. हा चांगलाच दमवणारा व्यायाम आहे, हाताचे पंजे आणि मान दुसऱ्या दिवशी आठवण करून देतात.

चष्म्याबद्दल सहसा कोणी सांगत नाही. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचं आणि जवळचं एकाच काचेतून दाखवणाऱ्या काचा असतील तर कडेला पाहताना चित्र वाकडं दिसतं, आणि कार्टमध्ये नजर सतत पुढच्या वळणाकडे, म्हणजे कडेलाच असते. फक्त लांबच्या नंबरचा, सरळ काड्यांचा वेगळा चष्मा करून घ्या.

पत्नी किंवा मुलगी बरोबर येणार असेल तर ओढणी, स्टोल घरी ठेवायला सांगा, आणि लांब केस बांधून कपड्याच्या आत. फिरत्या ॲक्सलमध्ये केस अडकून आपल्या देशात जीव गेलेले आहेत. यात मी कोणाचीच भीड ठेवत नाही.

गोव्यात लोक नुवे आणि हडफडे इथे जात आले आहेत. निघण्यापूर्वी फोन करून चालू आहे का ते विचारा, पावसाळ्यात उघडा ट्रॅक धरून चालू नका. मी बोरीच्या पुलावरून मडगावकडे जायचं तर सकाळी किंवा ऊन उतरल्यावर जाते. एप्रिल-मेच्या दुपारी हेल्मेटमध्ये डोकं शिजतं आणि लक्ष उडतं. शिवाय आपल्याकडची तांबडी धूळ ट्रॅकच्या कडेला साचते. गाड्या नेहमी जातात ती वाट सोडून धुळीवर चाक गेलं की पकड संपली. पहिल्या एक-दोन फेऱ्या टायर गार असतात, तेव्हाही जपून.

स्पर्धेची इच्छा झालीच तर आपल्याला जवळचं ठिकाण कोल्हापूर. तिथल्या मोहिते यांच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत, आणि आंबोली घाटाने जाता येतं. राष्ट्रीय स्पर्धेसाठी एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्टच्या संस्थेचा परवाना लागतो. तिथली रोटॅक्स कंपनीचं १२५ सीसी टू-स्ट्रोक इंजिन असलेली कार्ट भाड्याच्या कार्टपेक्षा फार हलकी आणि फार ताकदवान असते, पहिल्यांदा बसाल तेव्हा शिकवणारा ट्रॅकवर हजर हवाच. रोटॅक्सच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ३२ वर्षांपासून पुढच्यांसाठी 'मास्टर्स' गट असतो, म्हणजे आपल्यासारख्यांची सोय आहे. स्वतःची कार्ट मात्र इतक्यात घेऊ नका. ती इंजिनं ठरावीक तासांनी उघडून दुरुस्त करावी लागतात आणि गोव्यात तो कारागीर शोधणंच कठीण.

वजनाची काळजी करू नका. भाड्याच्या कार्टमध्ये वीस किलोचा फरक घड्याळात दिसतो, म्हणून मुलाच्या वेळेशी तुलना करू नका. स्पर्धेत चालकासकट किमान वजन ठरलेलं असतं आणि हलक्यांना सीटला शिसं बांधावं लागतं.

पहिल्या महिन्यात ट्रॅकवाल्यांकडे दर वेळी त्याच क्रमांकाची कार्ट मागा. प्रत्येक कार्ट वेगळी चालते, ती बदलली की सुधारणा तुमची की गाडीची, ते कळत नाही. वेळेचा छापील कागद मिळाला तर जपून ठेवा, आणि त्यात सर्वांत वेगवान फेरी पाहण्याऐवजी सगळ्या फेऱ्या एकमेकींच्या किती जवळ आहेत ते पाहा. त्या जवळ आल्या की मग ब्रेक थोडा उशिरा लावून बघायला हरकत नाही.