नर्सिंगमधल्या मुलांवर थिसिस करायचाय, सॅम्पल कमी पडतंय, काय करू?

मुलगे नर्सिंगला कमी का येतात यावर एमएस्सीचा थिसिस करताय आणि कॉलेजात मुलगेच जेमतेम सात-आठ, असं लिहिलंय तुम्ही. मग प्रश्नावली आणि टक्केवारीच्या नादी लागूच नका, सात जणांची कसली टक्केवारी काढणार. सरळ मुलाखती घ्या, मराठीत घ्या, तास-तासभर बोलू द्या त्यांना.

आणि आधी नियम बघा, कारण सगळं काही "आवड नाही" एवढ्यावर येत नाही. एएनएमला (सहायक परिचारिकेचा कोर्स) फक्त मुलींनाच प्रवेश असतो, म्हणजे मुलाला जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंगच करावं लागतं, आणि पुढे एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत ८० टक्के जागा महिलांना, २० पुरुषांना. हे बारावीच्या पोराला माहीत असेल तर तो फॉर्म भरताना विचार करणारच ना? लेबर रूमच्या पोस्टिंगबद्दल तर नक्की विचारा, प्रसूती शिकणं कोर्सचाच भाग आहे पण पेशंट किंवा नातेवाईक नको म्हणाले की मुलगा बाहेर उभा. आणि वॉर्डात हाक काय मारतात तेही विचारा, सिस्टरचं पुल्लिंग अजून कोणाच्या तोंडात बसलेलं नाही 😄

एक मात्र सांभाळा, "सेकंड इयर, मुलगा, नंदुरबारचा" एवढं छापलं तरी अख्ख्या कॉलेजला कळतं कोण ते, नाव लपवून उपयोग शून्य. इंटर्नल मार्क देणाऱ्या मॅडमनी मुलाखत घेऊ नये, खरं कोण बोलेल? जमलं तर मधेच सोडून गेलेल्यांना फोन करा, खरा माल तिथेच मिळेल.