थारला दोन इंच उंचीचं किट घेऊ का? आधी वजनकाट्यावर जाऊन या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०२२ ची तीन दारांची डिझेल थार, हार्डटॉप. रोज नाशिकमध्ये गंगापूर रोड ते अंबड, महिन्यातून दोनदा त्र्यंबक-हरसूलच्या कच्च्या रस्त्यांना, वर्षाकाठी एखादी लांबची सफर. मागच्या सीटवर मुलं आपटतात. गॅरेजवाल्याने दोन इंच लिफ्टचं सस्पेन्शन किट, म्हणजे गाडी तेवढी वर उचलणाऱ्या नव्या स्प्रिंगा आणि शॉकअप, सुचवलंय, दीड लाखाचा आकडा सांगितलाय. घ्यावं का, आणि कोणत्या कंपनीचं?

कंपनीचं नंतर बघू. आधी सांगा, गाडीचं वजन किती? माहितीपत्रकातलं नको. टाकी भरून, बायको-मुलं बसवून, मागे बॅगा टाकून जे भरतं ते. नाही ना माहीत? मलाही नव्हतं, आणि त्यापायी दीड वर्ष बैलगाडीत बसल्यासारखा फिरलो.

माझ्याकडे तेव्हा २०१५ ची जुनी थार होती. पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा, मागे पाटे. मी मेकॅनिक नाही. सातपूरला एका कारखान्यात मोजमापाच्या खोलीत बसतो. दिवसभर मायक्रॉनचा हिशोब आणि स्वतःच्या गाडीचं मात्र सगळं अंदाजपंचे. चार जणांच्या गाड्या उंच दिसल्या, मग आपलीही हवी. पाटेवाल्याला म्हटलं, मागे एक जादा पाटा टाक आणि पुढचे टॉर्शन बार पिळून वर घे. त्याने विचारलं, "साहेब, माल काय भरता?" मी नुसता हसलो. खरं तर अख्ख्या विषयातला मुद्द्याचा प्रश्न तेवढाच होता.

गाडी छान दिसायला लागली. फक्त दिसायलाच. अंजनेरीच्या अलीकडच्या साध्या गतिरोधकावर मागचा भाग असा उडायचा की सीटमागची पाण्याची बाटली पुढे गिअरजवळ येऊन पडायची. पुढे तर वेगळीच गंमत. बार पिळल्यामुळे चाकं उभ्या गाडीतच खाली लोंबकळलेली, त्यामुळे खड्डा आला की चाकाला आणखी खाली उतरायला जागाच नाही. चाक खड्ड्याचा तळ धरण्याऐवजी हवेत राहायचं आणि पलीकडच्या कडेवर ठक्कन आदळायचं. सहा महिन्यांत उजव्या सीव्ही जॉइंटचा, म्हणजे चाकाला फिरवणाऱ्या सांध्याचा, रबरी बूट फाटला, ग्रीस सगळं रिमच्या आतल्या बाजूला.

मग एकदा पिंपळगाव बसवंतला मित्राचा द्राक्षांचा पिकअप काट्यावर चढला, त्याच्यामागून मीही गंमत म्हणून गाडी चढवली. पुढच्या आठवड्यात सहलीचं सामान भरून पुन्हा गेलो. मागच्या आखावर, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांवर मिळून, दोन्ही वेळचा फरक किती? ११० किलो. मी टाकलेला पाटा याच्या तिप्पट ओझ्याला पुरला असता. घरी येऊन तो पाटा काढला, बार पुन्हा मूळ खुणेवर आणले आणि फक्त चांगले शॉकअप टाकले. पाठदुखी त्यानंतर थांबली.

तुम्हीही हेच करा. कुठलाही वजनकाटा चालेल, फक्त प्लॅटफॉर्म आणि बाहेरचा रस्ता एका पातळीत हवा. आधी पुढची दोन चाकं वर घेऊन आकडा घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची दोन. असं एकदा तुम्ही एकटे असताना आणि एकदा सगळा लवाजमा घेऊन. काटा बहुतेक ठिकाणी पाच-दहा किलोंच्या पटीत दाखवतो, आपल्या कामाला तेवढं पुरतं. काटेवाला विचित्र नजरेने बघेल, बघू द्या.

आता त्या आकड्याचा उपयोग. स्प्रिंग म्हणजे किती वजनाला किती दबायचं याचा ठरलेला हिशोब. समजा मागची स्प्रिंग दर मिलिमीटरला ३ किलो घेते. मागच्या आखावर १२० किलो वाढले, म्हणजे एका बाजूला ६०. गाडी २० मिलिमीटर दबेल. त्याजागी ४ किलोची कडक स्प्रिंग टाकली तर १५ मिलिमीटर दबेल. म्हणजे तुम्ही कमावले ५ मिलिमीटर, आणि त्या बदल्यात सोमवार ते शुक्रवार एकटे अंबडला जाताना चांगला तिसरा हिस्सा जास्त कडकपणा अंगावर घेतला. किटवाले स्प्रिंगा साधारण रिकामी गाडी, मध्यम ओझं, कायमचं जड ओझं अशा प्रकारांत विकतात. कायमचं म्हणजे छतावर तंबू, पुढे लोखंडी बंपर आणि अडकलेली गाडी ओढायची विंच, मागे फ्रिज, असा संसार जो गाडीतून कधी उतरतच नाही. तुमच्या वर्णनात यातलं एकही नाही.

तुमची मुलं का आपटतात याचं एक कारण किटने सुटणारं नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. तीन दारी थारचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४५० मिलिमीटर. मागची सीट जवळजवळ मागच्या आखाच्या डोक्यावर. आखाला बसलेला धक्का थेट त्यांच्या बुडाखाली. शॉकअपने उड्यांची संख्या कमी होईल, मुलं मधल्या रांगेत काही बसणार नाहीत.

काट्यावर जायच्या आधी मात्र टायरची हवा बघा. पंपावरचा पोरगा विचारतो "किती?", आपण म्हणतो "टाक पस्तीस-चाळीस". ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर काय लिहिलंय ते सकाळी, टायर गार असताना, स्वतःच्या गेजने जुळवून बघा. मी ज्या तीन-चार थारवाल्यांना हे करायला लावलं त्यातल्या दोघांचा किटचा विचार तिथेच मावळला. टायर बदलून जाड भिंतीचे ऑल-टेरेन (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचे) घातले असतील तर तेही सांगा, कारण चाकाचं वाढलेलं वजन स्प्रिंगच्या खालच्या बाजूला येतं आणि शॉकअपला तेवढं जास्त ओढून धरावं लागतं.

पुढची युक्ती पाच रुपयांची. मागच्या शॉकअपचा दांडा उघडा दिसत असेल तर त्यावर एक केबल टाय घट्ट आवळा आणि खाली नळीपर्यंत सरकवून ठेवा. मग तुमचा नेहमीचा हरसूलचा रस्ता करून या. गाडी दबली की नळी टायला वर ढकलते आणि टाय तिथेच राहतो. परत आल्यावर कळतं, शॉकअप किती आत गेला होता. दांडा कव्हरखाली असेल तर बंप स्टॉपच्या, म्हणजे गाडी पूर्ण दबली की धक्का घेणाऱ्या रबराच्या, समोरच्या पत्र्यावर पांढरं ग्रीस फासा. रबरावर डाग आला म्हणजे तळ गाठला. रोज तळ गाठत असेल तर स्प्रिंग कमी पडतेय. तळ गाठत नाही पण एका धक्क्यानंतर गाडी दोन-तीनदा हेलकावते, तर स्प्रिंग ठीक आहे, शॉकअप गेलेत किंवा मऊ आहेत. हे दोन आजार वेगळे आहेत आणि औषधही वेगळं. वजन पेलते ती स्प्रिंग, हालचाल थांबवतो तो शॉकअप. नुसती कडक स्प्रिंग जुन्या शॉकअपवर चढवली की गाडी चेंडू होते, कारण तेवढ्या जोराने उसळणाऱ्या स्प्रिंगला आवरायची ताकद त्या शॉकअपमध्ये नसते.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज शॉकअपचाच आहे. त्यात ट्विन-ट्यूब (आत-बाहेर दोन नळ्यांचा) घ्या की मोनोट्यूब (एकाच नळीचा), यावर लोक तासन्‌तास भांडतात. मोनोट्यूबमध्ये तेल आणि गॅस वेगवेगळे कोंडलेले असतात, उष्णता थेट बाहेरच्या नळीतून निघते, म्हणून सलग चार-पाच तास खडबडीत रस्त्यावर तो दमत नाही. पण त्याच्या नळीवर दगड लागून खोच पडली की पिस्टन तिथेच अडकतो. ट्विन-ट्यूबला बाहेरची नळी चेपली तरी आतली शाबूत राहते. हरसूल-पेठच्या दगडधोंड्यांत महिन्यातून दोनदा जाणाऱ्याला, आणि बाकीचे दिवस शहरात सिंहस्थासाठी खोदलेल्या रस्त्यांवर फिरणाऱ्याला, चांगला गॅसचा ट्विन-ट्यूब पुरे. लडाख-स्पितीला सामान भरून निघणार असाल तर पुन्हा विचारा.

आता लिफ्ट. तुमच्या गाडीला पुढे स्वतंत्र डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली दोन हातांवर वेगळं हलतं, आणि मागे सरळ आख, दोन्हीकडे कॉइल स्प्रिंगा. दोन इंच उचललंत तरी मागचा डिफरन्शियलचा गोळा (आखाच्या मधला गिअरचा डबा) जमिनीपासून होता तेवढाच राहतो, कारण तो आखावर आहे आणि आख टायरवर. तो वर घ्यायचा तर टायर मोठा हवा. थारचा कंपनीचा ग्राउंड क्लीअरन्स २२६ मिलिमीटर आहे. वैतरणेच्या बाजूला पावसाळ्यात मी जिथे जिथे अडकलो तिथे चिखलात टायरची नक्षी भरून अडकलो, उंची कमी पडून एकदाही नाही. लाल चिखलात टायर आणि हवेचा दाब काम करतात.

पुढच्या बाजूला उचलण्याचे भोग जास्त. कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगला आपोआप सरळ आणणारा पुढच्या चाकांचा कल, कमी होतो, मग हायवेवर स्टिअरिंग सरळ धरून ठेवावं लागतं, सोडलं की गाडी भटकते. सीव्ही जॉइंट तिरप्या कोनात फिरतो. त्यातही स्वस्तातला उपाय म्हणजे कॉइलओव्हरच्या, म्हणजे शॉकअपभोवती बसवलेल्या स्प्रिंगच्या, डोक्यावर बसवायचा स्पेसर. स्प्रिंग तीच, शॉकअप तोच, फक्त मध्ये चकती. चाक लोंबकळतं तेव्हा ते मूळ मर्यादेच्या खाली जातं आणि बॉल जॉइंट व सीव्हीला नको तिथपर्यंत ओढतं. माझ्या पिळलेल्या टॉर्शन बारचा हा धाकटा भाऊ.

गाडी सातपूरलाच बनते म्हणून इथे प्रत्येक गल्लीत कुणाचा तरी मामा "प्लांटमधला" असतो आणि तो म्हणतो, काही होत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ मात्र बदलांबद्दल स्पष्ट आहे, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही असं म्हटलंय. वॉरंटी आणि विम्याच्या दाव्यावेळी ही उंची आडवी येऊ शकते. मूळ उंचीचेच चांगले शॉकअप हा त्यातल्या त्यात सरळ मार्ग.

कंपनीबद्दल: ओल्ड मॅन इमू, आयर्नमॅन, टफ डॉग, प्रोफेंडर, बिल्स्टीन ही नावं तुम्ही ऐकलीच असतील. नाव कोणतंही घ्या, पण विकणाऱ्याला दोन गोष्टी विचारा: ही स्प्रिंग किती किलो जादा ओझ्यासाठी आहे, आणि शॉकअप दुरुस्त होतो का, नवीन सील मिळतं का. पहिल्या प्रश्नावर "सर, एकदम भारी आहे" असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघा.

बसवताना समोर उभे राहा. विशबोनचे आणि मागच्या लिंकचे रबरी बुश असलेले बोल्ट गाडी लिफ्टवर लटकलेली असताना शेवटचे आवळू देऊ नका. आधी नुसते धरून ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, थोडी पुढेमागे हलवायची, मग आवळायचे. नाहीतर बुश कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहतात आणि वर्षभरात फाटतात. काम सुरू व्हायच्या आधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही बाजूंनी मोजून फोनमध्ये लिहून ठेवा. जमिनीपासून नको, हवेच्या दाबाने तो आकडा बदलतो. नंतर अलाइनमेंट, हेडलाइटची दिशा, आणि हजार किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा एकदा.

दीड लाख आज देऊ नका. काट्याच्या पावत्या मिळाल्या की मागच्या आखाचे दोन्ही आकडे इथे लिहा, केबल टाय कुठपर्यंत सरकला तेही. स्प्रिंग बदलायची की नाही ते तेव्हाच सांगतो.